फेडरल कोर्टातला पुकारा

"मिनिस्टर हाजिर होऽऽऽ..."

पहिल्या पुकाऱ्याला मागच्या युकॅलिप्टसवरचे सगळे काकाकुवा उडाले. दुसऱ्याला शेजाऱ्यांचा कुत्रा, जो एरवी पोस्टमनच्या सावलीवरही भुंकतो, आपल्या लाकडी घरात शिरला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. तिसऱ्याआधी काका माझ्याकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "कॅनबेरा कोणीकडे येते बे?"

मी फोनवर होकायंत्र उघडून गॅरेजच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. काकांनी त्या कोपऱ्याकडे तोंड केलं, उजवा हात कानामागे नेला, छाती भरून घेतली आणि तिसरा पुकारा दिला. राजधानी सिडनीतल्या आमच्या क्वेकर्स हिलपासून पावणेतीनशे किलोमीटर. तिथे त्या मिनिस्टरच्या हातातला कप हिंदकळला नसेल तर मी माझं नाव बदलायला तयार आहे.

कुंपणावरून शेजाऱ्याचं डोकं वर आलं. ट्रक चालवणारा माणूस, पहाटे कामावरून येऊन नुकताच पडला असावा.

"यू राइट, मेट?"

"नो वरीज," मी म्हटलं. "कोर्टाचं काम आहे."

"कोणाला बोलावतोय तो?"

"मिनिस्टरला."

त्याने ऑगस्टच्या थंडीत घामाघूम झालेल्या काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गुड लक," म्हणाला आणि डोकं खाली गेलं.

काका म्हणजे माझे घरमालक. कागदावर घर त्यांच्या मुलाचं, पण मुलगा पर्थकडे खाणीत नोकरीला आणि राज्याराज्यांच्या सीमा बंद, त्यामुळे तो तिकडेच अडकलेला. मी मागच्या ग्रॅनी फ्लॅटमधला, म्हणजे परसातल्या छोट्या घरातला भाडेकरू, पुण्याचा, आयटीतला. लॉकडाउनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी, डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर, आणि बोलायला जगात एकच माणूस उरलेला. तो माणूस काका निघाले हे माझं नशीब. दुसऱ्या कुणाच्या घरात असतो तर मला वेड लागलं असतं. इथे ते लागायला वेळच मिळाला नाही.

त्या सकाळी दहा वाजता फेडरल कोर्टात काकांच्या दाव्याची सुनावणी होती. अर्जदार काका, प्रतिवादी मिनिस्टर. महामारीमुळे कोर्ट लॅपटॉपवर भरणार होतं. पण पुकारा झाल्याशिवाय कोर्ट सुरू होत नाही असं काकांचं मत होतं, आणि त्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्याची जगात कुणाची पात्रता नव्हती. विदर्भातल्या एका जिल्हा न्यायालयात बत्तीस वर्षं पुकारा करणारे शिपाई होते ते.

त्यांच्या आवाजाच्या गोष्टी मी त्यांच्याकडूनच ऐकल्या आहेत आणि तुम्हाला निम्म्या कापून सांगतोय. एकदा एक साक्षीदार कंटाळून अमरावतीच्या एसटीत बसून निघाला. काकांनी पुकारा दिला. गाडी तोवर नाक्यापर्यंत गेली होती. कंडक्टरने आपणहून घंटी मारली आणि ड्रायव्हरने गाडी रिव्हर्समध्ये कोर्टाच्या फाटकापर्यंत आणली. दुसऱ्या एका दाव्यात नऊ वर्षांपूर्वी भावांनी मयत दाखवलेल्या माणसाचं नाव चुकून यादीत राहिलं होतं. काकांनी त्याला पुकारलं. समोरच्या हॉटेलातून एक आचारी हातातला झारा तसाच घेऊन धावत आला आणि न्यायाधीशासमोर उभा राहून म्हणाला, हाजिर. नऊ वर्षं तो भावांच्या भीतीने त्या भट्टीमागे लपला होता. मी मुद्दाम विचारलं, "मग काका, निकाल काय लागला?" काका म्हणाले, "ते आतलं काम. आपलं काम दाराबाहेरचं."

घरातही सगळं दाराबाहेरच्या पद्धतीनेच चालायचं. चहा झाला की मागच्या दारात उभं राहून माझ्या नावाचे तीन पुकारे. तिसऱ्याला पोचलो नाही तर मी गैरहजर आणि चहाचा निकाल एकतर्फी, म्हणजे माझा कपही तेच प्यायचे. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असलो तर माझ्या मॅनेजरला मेलबर्नला तो आवाज ऐकू यायचा, आणि बिचारा म्हणायचा, "गो, मेट, गो. समबडी नीड्स यू." गिझर बिघडला असं मी सांगितलं की ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जाऊन त्याला तारीख द्यायचे. तीन तारखा झाल्या की गिझर घाबरून आपोआप चालू व्हायचा. खोटं वाटत असेल तर येऊन बघा, अजून चालू आहे.

कुठलाही कागद पंचाने भोक पाडून क्लिपमध्ये अडकवणं त्यांना मान्य नव्हतं. दाभण, पांढरा दोरा, डावीकडे तीन टाके. विजेचं बिल, लसीचं सर्टिफिकेट, पिझ्झावाल्याचं पत्रक, सगळं शिवलेलं. हॉलमध्ये निळ्या कोटातली तसबीर होती. रोज सकाळी तिच्यासमोर हात जोडून झाले की मला सांगायचे, "या माणसानं आपल्या हातात कायदा दिला. आता तो धरून नुसतं बसून राहायचं का?" बसून राहायचा त्यांचा स्वभाव नव्हता हे मला कळलं होतं. ते उठून कुठपर्यंत जातील याचा मात्र अंदाज नव्हता.

काकू नागपुरात होत्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. काका त्यांना मास्तरीणबाई म्हणायचे आणि त्या काकांशी चौथीच्या वर्गाशी बोलावं तसं बोलायच्या. भाचीच्या लग्नाला म्हणून सहा आठवड्यांसाठी गेल्या आणि त्यांच्यामागे जगाचं दार बंद झालं. दीड वर्ष व्हिडिओ कॉलवर संसार. मग एक दिवस नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप खराब झाली आहे, बदलावी लागेल, लवकर. काकूंनी डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे आल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही."

डॉक्टरांनी समजावलं, मुलाने पर्थहून समजावलं, भाचीने रडून पाहिलं. काकू आपल्या जागी.

आणि इथे काकांना निघता येईना. त्या दिवसांत ऑस्ट्रेलियात कायम राहणाऱ्यांना देश सोडायचा तर सरकारची खास परवानगी लागायची. काकांनी अर्ज केला, मी भरून दिला. नकार आला. हॉस्पिटलची कागदपत्रं जोडून पुन्हा केला. पुन्हा नकार. दोन ओळींचा ईमेल, खाली कुणाचं नाव नाही.

काका तो ईमेल कॉलवर काकूंना वाचून दाखवत होते. मी शेजारी बसलो होतो. काकूंचा चेहरा सुजलेला होता, चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबत होत्या.

"हे कोणी लिहिलं?" काकूंनी विचारलं.

"खात्यानं."

"म्हणजे कारकुनानं. कारकून नाही म्हणाला म्हणून तुम्ही घरी बसता?"

"मास्तरीणबाई, तुम्ही ऑपरेशन करून घ्या ना. मी मागून येतो."

"मागून नाही. वर जा," काकू म्हणाल्या आणि श्वास लागला म्हणून भाचीने फोन काढून घेतला.

काकांनी कॉल बंद केला. मग उठले, दाभण घेतलं आणि दोन्ही नकारांची फाइल शिवायला लागले.

हॅरिस पार्कमधले एक वकील माझ्या ओळखीचे होते, मुंबईचे. त्यांनी फोनवर अर्धा तास समजावलं. "काका, परवानगी देणं न देणं हा अधिकाऱ्याचा अधिकार आहे. त्यानं चूक केली की बरोबर, यात कोर्ट पडत नाही. कायद्यात बसून केलं का, एवढंच बघतं. तुम्ही हरणार."

"पेरूज्ड," काका म्हणाले. त्यांचं सगळं इंग्रजी निकालपत्रांतून आलेलं होतं. वाचलं, ऐकलं, समजलं या सगळ्याला ते 'पेरूज्ड' म्हणायचे. सुपरमार्केटात जिऱ्याच्या पाकिटालाही.

"तरी करणार केस?"

"निकाल किती दिवसांत लागतो ते सांगा."

"तातडीचा अर्ज केला तर दोन-तीन आठवडे."

"बस झाले," काका म्हणाले.

प्रश्न मला तेव्हाच खटकायला हवा होता. हरणाऱ्या माणसाला निकालाची घाई कशाला? पण मी दोनशे चौदा पानं स्कॅन करण्यात बुडालो होतो. शिवलेली फाइल उसवायला काकांनी नकार दिल्यामुळे प्रत्येक पान अर्धवट उघडून, फोन तिरका धरून. कोर्टाच्या रजिस्ट्रीतून ईमेल आला की दस्तऐवजाच्या डाव्या बाजूला दोरा दिसतोय, तो काय आहे. मी कळवलं, पुरावा.

पहिली तारीख हातची जाता जाता राहिली. फक्त वेळापत्रक ठरवायचं होतं, पंधरा मिनिटांचं काम. मी लॅपटॉप हॉलमध्ये लावून दिला, कॅमेरा चालू केला, काकांना दाखवलं आणि माझ्या मीटिंगला पळालो. दहा मिनिटांनी पाणी प्यायला आलो तर हॉल रिकामा. लॅपटॉपमधून एक बाई विचारत होत्या, अर्जदारातर्फे कुणी उपस्थित आहे का. थोडं थांबून पुन्हा तेच. आणि अर्जदार पॅसेजमध्ये, चपलांच्या रॅकशेजारी, स्टुलावर हाताची घडी घालून ताठ बसलेले.

"काका, काय करताय तुम्ही? आत तुमचं नाव घेतायत."

"पुकारा झाला नाही," काका म्हणाले. "पक्षकारानं पुकारा झाल्याशिवाय आत जायचं नसते. बत्तीस वर्षांत मी कोणाला जाऊ दिलं नाही."

आतून आवाज आला, "अर्जदार गैरहजर असल्यास..."

आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, मी पोटातून ओरडलो. काकांचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, हाजिर होऽऽ. काका उठले, शर्ट सरळ केला, आत गेले आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहून म्हणाले, "प्रेझेंट, माय लॉर्ड." मग माझ्याकडे वळून हळूच, "आवाज छातीतून काढ. गळ्यातून काढला की दोन वर्षांत बसतो."

तेव्हापासून ठरलं, पुकारा आपणच करायचा. त्यामुळे त्या ऑगस्टच्या सकाळी तो परसातला प्रकार. मिनिस्टरच्या नावाचे तीन, मग स्वतःच्या नावाचे तीन. मिनिस्टर आला नाही याचं काकांना आश्चर्य वाटलं नाही. "मोठी माणसं वकील पाठवतात," म्हणाले.

सुनावणीला काकांनी पांढरा शर्ट घातला आणि त्यावरून आपला जुना लाल पट्टा तिरका बांधला, त्यावर पितळी बिल्ला. बिल्ला आदल्या दिवशी चिंचेच्या कोळाने घासला होता. पडद्यावर चार चौकोन होते. न्यायाधीश बाई, त्यांची असोसिएट म्हणजे कोर्टाचं काम बघणारी तरुण मुलगी, सरकारचे वकील आणि आम्ही. मी कॅमेऱ्याबाहेर, टेबलाखालून चार्जरची वायर धरून.

"तुम्ही अंगावर काय घातलं आहे?" न्यायाधीश बाईंनी विचारलं. कुतूहल होतं, राग नव्हता.

"युनिफॉर्म, माय लॉर्ड."

"'युअर ऑनर' पुरेसं आहे."

"ॲज माय लॉर्ड प्लीजेस."

सरकारी वकील वीस मिनिटं बोलले. कलमं, उपकलमं, जुने निकाल. माणूस वाईट नव्हता, मधेच दोनदा म्हणाला की अर्जदाराबद्दल सहानुभूती आहे. मग काकांची पाळी आली. मी त्यांना सहा पानं टाइप करून दिली होती. त्यांनी ती उलटी ठेवली आणि आपल्या इंग्रजीत, एकेक शब्द दाराबाहेर उभा केल्यासारखा, जे बोलले ते मराठीत साधारण असं होतं:

"बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नावाचा पुकारा केला. जो आला नाही त्याच्यापुढे गैरहजर लिहिताना मी पाहिलं. का आला नाही, हे मी कधी विचारलं नाही. ते माझं काम नव्हतं. आज माझी बायको नागपूरच्या हॉस्पिटलातून माझा पुकारा करून राहिली. दोन झाले. तिसरा बाकी आहे. मी दारात उभा आहे, माय लॉर्ड. मला आत कोणी सोडून नाही राहिलं. एवढंच म्हणणं आहे."

टेबलाखाली माझ्या हातातली वायर सुटली आणि बॅटरी चार टक्क्यांवर आली तरी मला कळलं नाही. असोसिएट मुलीने चष्मा काढून पुसला. न्यायाधीश बाईंनी खाली बघून काहीतरी लिहिलं, खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

मग त्यांनी निकाल सांगितला. काकांच्या चिकाटीबद्दल चांगलं बोलल्या, काकूंच्या प्रकृतीबद्दल काळजीने बोलल्या. पण हा निर्णय त्यांनी स्वतः कसा घेतला असता हे ठरवणं त्यांच्या हातात नव्हतं. अधिकाऱ्याने कायद्याबाहेर पाऊल टाकलं असं दिसत नव्हतं. अर्ज फेटाळण्यात येत आहे.

मला वाटलं काका खाली बसतील. मी पाण्याचा ग्लास उचलला.

काकांनी कमरेत वाकून नमस्कार केला. बिल्ला सरळ केला. आणि उजवा हात कानामागे नेला.

त्या दिवशीची यादी त्यांनी आदल्या दुपारी कोर्टाच्या वेबसाइटवर वाचून ठेवली होती. पुढचं प्रकरण दोन कंपन्यांचं होतं, हात धुवायच्या जेलच्या पेटंटवरून. त्यांचे वकील आपापल्या ऑफिसांत तयारच होते, फक्त पडद्यावर यायचे होते. काकांनी दोन्ही कंपन्यांची नावं, प्रॉप्रायटरी लिमिटेडसकट, छातीतून काढली. "हाजिर होऽऽऽ..." तीनदा. असोसिएट मुलीचं ते रोजचं काम, तिने तोंड उघडलं होतं ते तसंच उघडं राहिलं. माझ्या लॅपटॉपचा उजवा स्पीकर त्या दिवसापासून बंद आहे. पडद्यावर एकदम नवा चौकोन उघडला आणि त्यात पिकल्या केसांचे एक सीनियर बॅरिस्टर खुर्चीतून ताडकन उठून उभे, कोटाखाली पायजमा. "प्रेझेंट, सर," म्हणाले. न्यायाधीशांना नाही. काकांना.

न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवून काकांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "थँक्यू. आता तुम्ही जाऊ शकता." मी कित्येक निवृत्ती समारंभ पाहिले आहेत, हार-तुरे, शाल, भाषणं. त्या वाक्याइतका मान कुठल्याही शालीत नव्हता.

लॅपटॉप मिटला. काका पट्टा काढून त्याची घडी घालत होते.

"काका, वर तीन न्यायाधीशांसमोर अपील करता येतं," मी म्हटलं. "अठ्ठावीस दिवस आहेत. वकिलांना फोन लावू?"

"शिक्क्याची प्रत मागव," काका म्हणाले.

"मागवतो. पण अपील..."

"पहिले शिक्क्याची प्रत."

दुपारी तीनला आदेश ईमेलने आला. एक पान, वर राजचिन्ह, खाली कोर्टाचा शिक्का. काकांनी प्रिंट काढायला लावली, तीन टाके घातले आणि नागपूरला कॉल लावला. तिकडे सकाळचे साडेदहा. काकू उशांना टेकून बसल्या होत्या. चेहरा आदल्या आठवड्यापेक्षा जास्त सुजलेला. भाची मागे उभी होती.

"काय झालं?"

काकांनी कागद कॅमेऱ्यासमोर धरला. "डिसमिस."

"कोणी केलं?"

"न्यायाधीशानं. माझं सगळं ऐकून घेतलं. हा शिक्का."

"जवळ धरा." काकूंनी चष्मा वर करून शिक्का पाहिला. एक श्वास घेतला, मग दुसरा. "यांच्या वर कोण आहे?"

मी टेबलापलीकडे बसलो होतो. तोंड उघडलं होतं माझं. काकांनी कॅमेऱ्याकडेच बघत, टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. सायकल पंक्चर झाली तर हजेरीत 'पाच मिनिटं उशीर' असं स्वतः लिहून देणारा माणूस. कोर्टाच्या बाबतीत बत्तीस वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे न केलेला.

"यांच्या वर कोणी नाही," काका म्हणाले.

काकूंनी चष्मा काढला. भाचीकडे बघितलं. मग पुन्हा काकांकडे.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग शुक्रवारी करून घेते."